तीन बादल्यांचं सोवळं

गाडी धुणं ही शिकायची गोष्ट आहे, असा संशय मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत आला नव्हता. पोहणं शिकतात, पेटी शिकतात, चारचौघांत घास कसा घ्यावा तेही शिकतात. पण गाडी धुणं? फडकं भिजवायचं, पिळायचं, फिरवायचं. सायकलीपासून स्कूटरपर्यंत आणि स्कूटरपासून पुढे आमच्या जुन्या फियाटपर्यंत मी याच एका विद्येवर निभावून नेलं होतं.

पुढे तेवढंही करायची वेळ राहिली नाही. आमच्या सोसायटीत पहाटे एक गाडी पुसणारा येऊ लागला. एक बादली, एक फडकं आणि बावीस गाड्या. पहिल्या गाडीला ते पाणी म्हणजे गंगाजल असायचं, दहाव्या गाडीपाशी त्याचा चहा व्हायचा आणि आमची गाडी होती एकोणिसावी. एकोणिसाव्या गाडीपाशी त्या बादलीत काय असायचं ते लिहवत नाही. उन्हात आमच्या बॉनेटकडे तिरकं पाहिलं की त्यावर कोळ्यानं जाळं विणल्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायचे. मला वाटायचं, गाडीचं वय झालं. माणसाला सुरकुत्या येतात, गाडीला हे येतं.

ही पूर्वपीठिका सांगितली नाही, तर पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष तुम्ही माझ्याच पदरात टाकाल.

आमची लेक आणि जावई इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन नावाच्या गावात राहतात. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्सकाठी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापू तसे अबोल. पगार बरा, व्यसन एकही नाही, आणि असा माणूस पुढेमागे काहीतरी करणार असं आमची ही लग्नाच्या दिवसापासून म्हणत आली आहे. त्यांनी केलं. सहा वर्षं पैसे साठवून १९७२ सालची एक एमजीबी घेतली. लाल रंग, कापडी टप, तारांच्या आऱ्यांची चाकं, बसायला दोनच जागा. जमिनीपासून उंची इतकी थोडी, की आत बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसण्यासारखं. ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणतात ती हीच. आमच्या हिनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “आणि बाकीची माणसं?”

एका बुधवारी लेक-जावई कामावर गेलेले. ऊन छान पडलेलं, आणि इंग्लंडात ऊन पडलं की माणसाला काहीतरी सत्कृत्य करावंसं वाटतं. गाडीवर आदल्या दिवशीचा चिखल वाळून बसला होता. मी म्हटलं, जावयाचं खातोय-पितोय, तेवढीच सेवा. स्वयंपाकघरातून भांडी घासायचं पातळ साबण घेतलं, अर्धी बादली पाणी घेतलं, आपला एक जुना बनियन घेतला आणि भर उन्हात तासभर ती गाडी अशी घासली, की माझ्या आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, लहानपणी पितळेच्या तांब्याला हा जोर कुठे गेला होता?

संध्याकाळी जावईबापू आले. गाडीपाशी थांबले. बॉनेटवर वाकले, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मी दारात उभा, कौतुकाची वाट पाहत.

“तुम्ही धुतलीत का, बाबा?”

“हो! चकचकीत झाली की नाही?”

“हो,” ते म्हणाले. “काही हरकत नाही.”

आता, ‘काही हरकत नाही’ हे वाक्य काही हरकत नसताना कोणीही उच्चारत नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर लेकीनं हवापाण्याच्या गप्पा काढल्या, तेव्हाच मी ओळखलं. हिनं खोलीत आल्यावर स्पष्टच सांगितलं, “तुम्ही त्यांच्या गाडीला ओरखडे पाडलेत. मुलगी रडकुंडीला आली होती.” मी रात्रभर जागा. सहा वर्षांचे पैसे आणि माझा बनियन.

शनिवारी सकाळी जावईबापूंनी गाडी गॅरेजच्या सावलीत ओढली आणि तीन बादल्या बाहेर काढल्या. मी खिडकीतून पाहत होतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे गृहस्थ आले. माझ्याच वयाचे असतील, चारदोन वर्षं इकडेतिकडे. त्यांनी बॉनेट पाहिलं, मग खिडकीतला मी पाहिला, आणि हातानं खूण करून मला खाली बोलावलं. शाळेत मास्तर बोलवायचे तसं.

तर त्या सकाळी मला जे शिकवण्यात आलं त्याचं सार असं. गाडीवरची धूळ म्हणजे आपल्याला वाटते तशी मऊ माती नसते. तिच्यात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात. फ्रीडरिश मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लावून दिली, हिरा दहावर. त्यात क्वार्ट्‌झ सातवर बसतो. साध्या पोलादाच्याही वर. गाडीचा रंग बिचारा तळाच्या पायऱ्यांवर कुठेतरी. वाळलेल्या चिखलावर मी ओलं फडकं फिरवलं ते फडकं नव्हतंच, तो पॉलिश-पेपर होता. मी गाडी धुतली नव्हती, तासली होती. आणि गोल गोल हात फिरवला, म्हणून ओरखडेही गोल.

म्हणून आधी नुसतं पाणी. भरपूर. हात लावायच्या आधी जेवढा चिखल पाण्यानं भिजून आपण होऊन जाईल तेवढा जाऊ द्यायचा. चाकं आधी धुवायची, कारण तिथे ब्रेकची काळी भुकटी असते आणि ती सगळ्यांत वाईट. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा. मग गाडी वरून खाली धुवायची, कारण घाण खालच्या अंगाला जास्त. एका बादलीत गाडीचं खास साबण, दुसरीत निव्वळ पाणी. लोकरीचा हातमोजा साबणात बुडवायचा, पत्र्यावरून सरळ रेषेत अलगद फिरवायचा, आणि पुन्हा साबणाकडे जायच्या आधी दुसऱ्या बादलीत खळखळून घ्यायचा. मोजा जमिनीवर पडला तर संपलं. तो पुन्हा गाडीला लावायचा नाही. दुसरा घ्यायचा.

इथवर ऐकलं आणि मला आमची आजी दिसली. जमिनीवर पडलेलं चालत नाही. या बादलीतलं त्या बादलीत जाता कामा नये. चाकाला लागलेला हात बॉनेटला लावायचा नाही. अहो, हे सोवळं! आमची आजी चार घागरींच्या जिवावर जे राज्य चालवायची तेच हे. तेव्हा आम्ही पोरं हसायचो. आजीच्या सोवळ्यात ज्या माणसांना दूर उभं करायचे ते आठवलं की आता हसूही येत नाही. पण वाळूच्या कणापुरतं बोलायचं तर विटाळ खरा असतो, हे मला एका इंग्रज शेजाऱ्यानं लोकरीच्या मोज्यानं पटवलं.

गंमत म्हणजे हे शास्त्र मोटारीच्या आधीचं आहे. कार्ल बेंझनं मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून लंडनच्या बग्ग्या धुतल्या जात होत्या, आणि धुणाऱ्यांना हेच नियम होते. लंडनमध्ये श्रीमंतांच्या हवेल्यांमागे ‘म्यूज’ नावाच्या गल्ल्या असत. खाली तबेला आणि बग्गीखाना, वर गाडीवानाचं बिऱ्हाड. ‘म्यूज’ हा शब्द मुळात घोड्यांचाही नाही, ससाण्यांचा. चेअरिंग क्रॉसला राजाचे शिकारी ससाणे पिसं झडण्याच्या काळात ठेवायची जागा ती म्यूज. १५३४ साली ती जळाली आणि नव्या इमारतीत तबेला आला. ससाणे गेले, घोडे आले, नंतर घोडे गेले, मोटारी आल्या. आता त्या तबेल्यांत राहायला जी किंमत पडते त्यात आपल्याकडे हवेली येईल.

तर बग्गी. बग्गीला रंग आणि व्हार्निशचे हात ब्रशानं द्यायचे, एक वाळला की घासून त्यावर दुसरा. रंगकाम आठवडेच्या आठवडे चालायचं. इतक्या कष्टाचा पृष्ठभाग, म्हणून गाडीवानाला ताकीद असे : गाडी सावलीत धू, चिखल वाळू देऊ नकोस, वाळलाच तर खरवडू नकोस, स्पंजातून पाणी सोडून भिजव, आणि शेवटी शॅमी लेदरनं टिपून घे. बग्गीखाना उकिरड्याला लागून नको, कारण लिदीतून निघणाऱ्या अमोनियानं व्हार्निश मरतं. म्हणजे घोडा बग्गी ओढणार, आणि घोड्याच्या मागल्या बाजूपासून बग्गी सांभाळायची. संसारात असं पुष्कळ असतं.

हे शॅमी लेदर म्हणजे काय ते हिला हवं होतं. ती तोवर चहा घेऊन आली होती. शॅमॉय हे आल्प्समधलं शेळीच्या जातीचं रानटी जनावर. पूर्वी त्याचं कातडं असे, हल्ली मेंढीचं असतं, आणि ते माशाच्या तेलात कमावतात. हिनं चहाचा ट्रे एक पाऊल मागे घेतला. तिच्या सोवळ्यात ही बादली बसत नव्हती.

रंगाचा इतिहास तर त्याहून मजेचा. हेन्‍री फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. इतर कंपन्या रंगीत गाड्या देत, पण रंग वाळेपर्यंत गाडी हप्तेच्या हप्ते अडकून पडे. या कोंडीतून वाट काढली ती ड्यू पाँट कंपनीनं. हिचा जन्म १८०२ चा, मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा. पुढे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटकं करायची विद्या तिनं हस्तगत केली. त्याच भावंडांतला एक पदार्थ पातळ करून फवारला तर काही तासांत वाळणारा रंग होतो, असं निघालं. १९२३ साली तो बाजारात आला आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात मिरवू लागल्या. त्या रंगाचं नाव ड्यूको. आपल्याकडे सुतार अजूनही कपाटाला ‘ड्यूको मारू का, साहेब?’ म्हणून विचारतो, तो हाच शब्द. कपाटाच्या दारात तोफेच्या दारूचा नातलग येऊन बसलाय हे ना सुताराला माहीत ना साहेबाला.

यंत्रानं गाडी धुण्याची कल्पना डेट्रॉइटची. तिथे १९१४ साली गाड्यांची लाँड्री निघाली, पण यंत्र असं नव्हतंच. माणसं गाडी ढकलत न्यायची, एक जण साबण लावी, दुसरा धुवी, तिसरा पुसे. फिरते ब्रश नंतर आले. त्या ब्रशांना आधीच्या गाडीची वाळू अडकते आणि ती पुढच्या गाडीला मिळते, असं शेजारी म्हणाले. मला आमचा बावीस गाड्यांचा कलाकार आठवला. त्याला वीज लावली की झालं.

हे म्हातारबुवा एवढं सांगत होते त्याचं कारण मला हळूहळू कळलं. या गावातच एमजीचा कारखाना होता. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाचा एक सायकली दुरुस्त करणारा माणूस मोठा मोटारवाला झाला. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानाची आद्याक्षरं म्हणजे एमजी. सेसिल किंबर १९२२ साली तिथला मॅनेजर झाला आणि साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवू लागला. १९२९ साली कारखाना अ‍ॅबिंग्डनला आला. एमजीबी निघाली १९६२ साली, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी करून कारखान्याला टाळं लागलं. आमचे शेजारी टाळं लागलं तेव्हा तिथे नोकरीला होते. वय विशी-बाविशीचं.

“मग ही गाडी तुम्ही केलीत?” मी विचारलं.

“नाही. बहात्तरची म्हणजे माझ्या आधीची. माझा थोरला भाऊ होता तेव्हा. त्यानं ढकलली असेल.”

ढकलली हे त्यांनी शब्दशः म्हटलं. इतका नामांकित कारखाना, पण तिथे सरकता पट्टा नव्हता. रंगवलेली बॉडी बाहेरून तयार यायची, इथे फक्त जोडणी, आणि गाडी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर माणसं हातांनी ढकलत न्यायची. त्यांनी दाराखालच्या पत्र्याच्या उंबरठ्यावर हात ठेवला. ही या गाडीची मर्मजागा. आत चिखल साठतो, पाणी मुरतं, आणि वरून लाल चकचकीत दिसणारा पत्रा आतून गंजून जातो. दाराच्या तळाला आणि उंबरठ्याला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती काडीनं मोकळी करायची. काचेपुढच्या जाळीत पानं अडकली तर तिथलंही पाणी तुंबतं. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र या वयाच्या गाडीवर आणि कापडी टपावर कधी चालवायचं नाही. टपाच्या मागची खिडकी काचेची नसते, प्लॅस्टिकची असते, तिला कोरडं फडकं लावणं हा गुन्हा. आणि धुऊन झालं की झाकून ठेवायची नाही. एक फेरी मारून आणायची, म्हणजे सांध्यांतलं पाणी निघतं आणि ब्रेक वाळतात. हे सगळं बोलताना त्यांचा हात त्या पत्र्यावरून हलला नाही.

मी मात्र मघापासून एका आकड्यापाशी अडकलो होतो. बहात्तर.

बहात्तरला मी पंधरा वर्षांचा होतो, नगर जिल्ह्यात. माझ्या वयाच्या माणसाला त्या सालाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात लाल मिलोची भाकरी, पोटात सुकडी. विहीर आटल्यावर तळाशी वाटी-वाटीनं पाणी भरायला आम्हा पोरांना दोरानं खाली सोडत. एका तांब्यात तोंड, हात, पाय, आणि पायावरून गळलेलं पाणी परातीत धरून तुळशीला. ज्या वर्षी ही लाल गाडी या गावातून ढकलत बाहेर काढली, त्या वर्षी आम्ही ते करत होतो. तेव्हापासून उघड्या नळाचा आवाज आला की मी झोपेतून उठतो. मी गाडी अर्ध्या बादलीत धुतली त्याचं कारण आळस नव्हतं. मला नळीनं गाडीवर पाणी सोडणं जमलंच नसतं. हात पुढे झाला नसता.

हे मी जावयाला कसं सांगणार? पण शेजाऱ्यांनी विचारलं, “एवढंच पाणी का घेतलंत?” म्हणून सांगितलं. माझं इंग्रजी बँकेतल्या कारकुनाचं. दुष्काळाचं सांगताना ते मध्येच संपलं. उरलेलं जावईबापूंनी सांगितलं. मी कधी लेकीला सांगितलं असेन ते तिनं त्यांना सांगितलेलं दिसत होतं. वाटीचंसुद्धा.

शेजारी ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आमच्याकडे शहात्तरला होता.” १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातही मोठा दुष्काळ पडला. पुष्कळ ठिकाणी नळीनं पाणी सोडायला बंदी, काही गावांत रस्त्यावरच्या सामायिक नळाला रांगा. स्वच्छ गाडी बाळगणं म्हणजे चोरीचा माल बाळगण्यासारखं झालं. सरकारनं ऑगस्टमध्ये डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्याला दुष्काळाचं काम दिलं. मूळ खातं क्रीडा! आणि गृहस्थाच्या पायगुणानं काही दिवसांतच धो धो पाऊस. पुढे १९७८-७९ च्या हिवाळ्यात त्यांनाच बर्फाचं काम दिलं. आपल्याकडे असता तर प्रत्येक तालुक्यानं सत्काराला बोलावला असता.

“पण तेव्हा गाड्या कशा धुतल्या?” मी विचारलं.

“धुतल्याच नाहीत,” ते म्हणाले. “मळलेली गाडी खराब होत नाही. चुकीची धुतलेली होते.”

हे एक वाक्य मला बुधवारी कोणी सांगितलं असतं तर!

दुपारी जावईबापूंनी बॉनेटवर पॉलिश धरलं. जुन्या गाडीला वरून पारदर्शक थर नसतो, त्यामुळे फडक्यावर लाल रंग येत होता. तो पाहून माझ्या पोटात खड्डा. “घाबरू नका, बाबा, असंच असतं. बरेच निघतील,” ते म्हणाले. बरेच निघाले. दोन राहिले, डाव्या बाजूला. ते मला अजून अचूक दाखवता येतील. मग वरून मेणाचा हात. हे मेण ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं. तिकडच्या कोरड्या मुलखात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःवरच मेण चढवतं. दुष्काळात झाडानं केलेली पाण्याची बचत आपण खरवडून आणतो आणि गाडीला लावतो, म्हणजे गाडीवर पाणी ठरत नाही. मी भांड्याचं साबण लावलं तेव्हा आधीचं सगळं मेण धुऊन काढलं होतं, हेही मला तेव्हाच समजलं.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी मला काम मिळालं. चाकांचं. तिसरी बादली माझी, आणि एक जुना दात घासायचा ब्रश. तारेच्या चाकाचा एकेक आरा घासत, उकिडवा बसून मी पाच शनिवार काढले. बँकेत प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, म्हणून तक्रार केली नाही. पाण्याचा बंदोबस्त मात्र मी माझ्या पद्धतीनं केला. घराच्या पन्हळीखाली पावसाचं पाणी साठवायचं एक पिंप आणायला लावलं, आणि पहिल्या भिजवणीला तेच वापरायचं ठरलं. त्या भागातलं नळाचं पाणी चुन्याचं, वाळलं की पांढरे ठिपके पडतात. पावसाच्या पाण्यानं ते पडत नाहीत. शेजारी हे पाहून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

निघायच्या आदल्या शनिवारी मी सवयीनं ब्रश घेऊन चाकाशी बसलो. जावईबापूंनी लोकरीचा मोजा धुतला, पिळला नाही, नुसता निथळला आणि माझ्यापुढे धरला.

“बाबा, आज बॉनेट तुम्ही घ्या.”

मी हात धुतले. दोनदा धुतले. मोजा चढवला आणि बॉनेटपाशी उभा राहिलो. सरळ रेषेत, वरून खाली, अलगद. दुसऱ्या पट्ट्यावर हात थांबला.

“काय झालं?” जावईबापू म्हणाले.

“नळ,” मी म्हटलं. “नळ चालू राहिलाय.”

ते गेले आणि बंद करून आले.